माळवदाखालचा संसार

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत आज एखादे तरुण जोडपे नोकरीची पाच-सात वर्षे भरताच बँकेच्या कर्जावर घर विकत घेते, त्यातली जुनी फरशी उखडते, स्वयंपाकघराचा ओटा बदलते आणि अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून घरभरणी करते, तेव्हा हा सारा क्रम इतका स्वाभाविक वाटतो की तो या भूमीत केवळ दोन-तीन पिढ्यांपूर्वी रुजला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यांतील शेतकरी समाजात घर ही विकत घेण्याची वस्तू नव्हती. ते वडिलार्जित असे, ते वाटून घ्यावयाचे असे आणि अगदीच नाइलाज झाला तर ते सावकाराकडे गहाण पडे. गावठाणातले राहते घर परक्याला विकणे हे कुळाचे नाव पुसण्याइतके अशुभ मानले जाई. मात्र घराची मोडतोड करून ते आपल्या संसाराला जुळवून घेण्याची रीत खरेदीपेक्षा कितीतरी जुनी आहे, आणि ह्या लेखाचा विषय मुख्यतः तीच रीत आहे. कारण ह्या प्रदेशातील घर उभे राहिले ते दुरुस्तीच्या बळावर, आणि पडले तेही दुरुस्तीच्याच एका चुकीच्या सवयीमुळे, असे माझे मत झाले आहे.

जुन्या काळी तरुण कुटुंबाचे पहिले घर म्हणजे वाड्यातला आपला हिस्सा. धाकट्या भावाचे लग्न होऊन दोन-चार वर्षे लोटली, जावा-जावांच्या चुली वेगळ्या करण्याचे ठरले, की पंच ओसरीवर बसत आणि वाड्याचे खण मोजत. लाकडी खांबांच्या दोन ओळींमधले अंतर म्हणजे एक खण. घराचे माप, त्याची ऐपत आणि त्याची वाटणी ही सारी ह्या खणांत बोलली जात. तीन खण थोरल्याकडे, दोन धाकट्याकडे, देवघर सामाईक, आडाचे पाणी सामाईक, ढाळजेतून जाण्या-येण्याची वाट सर्वांची, अशी ती वाटणी होई. आपल्या वाट्याला आलेल्या दोन खणांत मधली भिंत घालणे, बोळाकडे एक दार फोडणे, चुलीच्या वर धूर जाण्यासाठी माळवदात साणे पाडणे आणि भिंतीत दिवा ठेवण्यापुरती दिवळी कोरणे, एवढ्यावर नव्या संसाराचा आरंभ होत असे. ह्या कामाला सुतार आणि गवंडी गावचेच असत, मजुरी बहुधा धान्यात चुकती होई, आणि माती तर कोणाच्याच मालकीची नसे.

ह्या मातीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. गावाच्या भूमीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग होते. काळीत पीक पिकवावयाचे आणि पांढरीवर वस्ती करावयाची, हा दंडक शतकानुशतके पाळला गेला, आणि त्यामागे केवळ परंपरा नसून भक्कम अनुभव होता. कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर उभी केलेली भिंत दरवर्षी थोडीथोडी हलून अखेर उभी चिरते. पांढरी माती तशी हलत नाही. शिवाय पिढ्यान्पिढ्या माणसे, गुरे, राख आणि पडक्या घरांचा राडारोडा ह्यांनी ती खारट व घट्ट झालेली असते, त्यामुळे चोपून बसविली असता पाणी सहजी आत घेत नाही. जुन्या गढ्यांचे ढासळते बुरूज ही ह्या मातीची मोठीच खाण होती. नांदेड-लातूरकडील कित्येक गढ्या शत्रूच्या तोफांनी पडण्याऐवजी गावकऱ्यांच्या कुदळींनी थोड्याथोड्या उतरल्या आणि घराघरांच्या माळवदांवर जाऊन बसल्या.

माळवद घालण्याची कृती अशी. दगडी तळखड्यांवर सागाचे, नाहीतर बाभळीचे किंवा कडुनिंबाचे खांब उभे करीत. श्रीमंताच्या वाड्याला किनवट-माहूरच्या जंगलातले सागवान येई, गरिबाला बांधावरची बाभूळ पुरे. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या बसवून कडीपाट पुरा करीत. फळ्यांची ऐपत नसेल तर किलच्यांवर भागवीत. त्यावर पळसाचा किंवा तरवडाचा पाला पसरीत, पाल्यावर भुसा घालून मळलेल्या मातीचा जाड थर देत, तो वाळला की वर पांढऱ्या मातीचा हात फिरवीत, आणि पाणी एका अंगाला वाहून पन्हाळातून रस्त्यावर पडेल एवढाच उतार ठेवीत. भोवतीच्या भिंती दगडाच्या. बाहेरून एक दर्शनी थर, आतून एक थर, आणि दोहोंच्या मध्ये लहानमोठे धोंडे व माती यांची भर. भिंतीची जाडी अडीच-तीन फूट, कोठे त्याहूनही अधिक. ह्याच जाडीत धान्याचे बळद, कोनाडे आणि कधी दागदागिने लपविण्याची जागा काढलेली असे. वैशाखाच्या उन्हात पारा बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर गेला असताना अशा घरात शिरणाऱ्याला जो गारवा लाभे, तो आज पंखे आणि कूलर लावूनही स्लॅबच्या खोलीत लाभत नाही, ही त्या घरात राहिलेल्या कोणाही वृद्धाची साक्ष आहे. माळवदाला अज्ञानाचे लक्षण ठरविणारे नागर लेखक मला अन्यायी वाटतात. पर्जन्य मोजका, ऊन प्रखर, लाकूड महाग आणि माती फुकट, अशा देशात ह्याहून शहाणे छप्पर त्या काळी कोणी सुचविले असते?

परंतु ह्या छपराला दरवर्षी माणसाचा हात लागत होता. मृगाचे नक्षत्र लागण्यापूर्वी घरोघरचे कर्ते पुरुष माळवदावर चढत, उगवलेले गवत उपटीत, उंदरांची बिळे बुजवीत, भेगांत मातीचा काला ओतीत आणि वर पांढऱ्या मातीची नवी पाटी टाकून ती चोपीत. खाली बायका भिंती पोतारीत आणि जमिनी सारवीत. गळती थांबली की काम झाले असे समजले जाई. येथेच ती चुकीची सवय शिरली. नवा थर देण्यापूर्वी जुना तेवढाच काढून टाकावा, हे जाणत्या गवंड्याला ठाऊक असले तरी त्यासाठी दुप्पट मजुरी पडे, आणि मृग तर उंबरठ्यावर आलेला असे. म्हणून बापाच्या थरावर मुलाने आणि मुलाच्या थरावर नातवाने आपली माती घातली. हिशेब करून पाहावा : दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा एका खोलीवर फूटभर मातीचा थर असेल तर त्याचे वजन साधारण साडेचार टन भरते. हा थर पिढ्या लोटता लोटता दोन फुटांवर गेला, म्हणजे निजलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर नऊ टन भार तोलून धरण्याचे काम वाळवी लागलेल्या तुळयांकडे आणि मातीत बसविलेल्या दगडांकडे आले.

घराची कागदपत्रे ही दुसरी बाजू. हा प्रदेश तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. तेथे १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर महसुलाची घडी बसत गेली, पुढे जमिनीचे मोजमाप झाले, आणि १३१७ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०७-०८ चा, जमीन महसुलाचा कायदा लागू झाला. पण ही सारी शिस्त शेतजमिनीसाठी होती. गावठाणातील घराला पटवारीच्या दप्तरात फारसे स्थान नव्हते. कब्जा हाच पुरावा आणि शेजारी हेच साक्षीदार. शहरात वा कसब्यात क्वचित घराचा व्यवहार झालाच, तर उर्दूत बैनामा लिहिला जाई, आणि त्या बैनाम्याची रचना अभ्यासण्यासारखी आहे. आरंभी घेणार-देणाराची नावे, वल्दियत, पेशा आणि वस्ती. मग घराच्या चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणता रस्ता, दक्षिणेस कोणाचा परडा, उत्तरेस कोणती मशीद किंवा मठ. मग किंमत, आणि किंमत लिहिताना तिचे निस्फही, म्हणजे ज्याचे निम्मे इतके होतात असेही, अक्षरी लिहीत, म्हणजे मागाहून कोणी एखादा आकडा वाढविला तरी तो उघडा पडावा. किंमत हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात. सात रुपये हाली म्हणजे इंग्रजी सहा रुपये कलदार असा भाव धरला जाई. अखेरीस फसली सन, इराणी नावाचा महिना आणि साक्षीदारांच्या निशाण्या. फसली सनात ५९० मिळवावे म्हणजे इसवी सन येतो. जुन्या घराची कागदपत्रे आजही हाती घेणाऱ्या तरुण खरेदीदाराने एवढे गणित लक्षात ठेवले तर वकिलाकडे जाण्यापूर्वीच त्याला अर्धे उमगेल.

घर बाजारात येण्याचा खरा प्रारंभ झाला तो रेल्वेने आणि व्यापाराने. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे नांदेडवरून गेली. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरला पोहोचली. लातूरच्या आडत बाजाराला सोलापूर, पुणे, मुंबईची दारे उघडली, आणि १९१७ साली नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याप्रमाणे गंजगोलाईची ती वर्तुळाकार दुमजली इमारत उभी राहिली, जिच्यापासून १६ रस्ते फुटतात आणि जिच्या मध्यभागी जगदंबेचे मंदिर आहे. एका कसब्याची वस्ती कागदावर आधी आखून मग बांधावी, ही गोष्ट मराठवाड्यात त्या काळी अपूर्व होती. ह्या रस्त्यांवर खाली पेढी आणि वर बिऱ्हाड अशी घरे झाली; त्यांत राहणारे आडते, मुनीम आणि कारकून हे गावोगावचे आलेले असल्यामुळे त्यांना वाटणीचे खण ठाऊक नव्हते, भाड्याची खोली ठाऊक होती. नांदेडात उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर चालणारी कामगारवस्ती, गुरुद्वाऱ्याच्या आसमंतातील यात्रेकरूंची वर्दळ आणि रेल्वेचे नोकर ह्यांनी तेच केले. परगावी, परक्या मालकाच्या घरात, महिन्याचे भाडे देऊन राहणारा गृहस्थ हा येथून पुढे आमच्या समाजजीवनाचा एक स्थायी घटक झाला, आणि आपले स्वतःचे चार भिंतींचे घर असावे ही तळमळ खऱ्या अर्थाने त्याच्या पोटी जन्मली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीपलीकडे गेलेली कुटुंबे परतली, जहागिऱ्या संपल्या, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. शाळा, पंचायत समित्या, पाटबंधारे, वीज मंडळ ह्यांच्या कचेऱ्या निघाल्या आणि दरमहा पगार घेणारा एक मोठा वर्ग प्रथमच निर्माण झाला. गावचा वाटा भावाला सोडून देऊन शहराच्या कडेला दोन हजार चौरस फुटांचा प्लॉट घ्यावा, भविष्यनिर्वाह निधीतून आणि सहकारी पतसंस्थेतून कर्ज काढून त्यावर आधी दोन खोल्या बांधाव्या, आणि मुले मोठी होतील तशा पुढच्या खोल्या वाढवाव्या, हा ह्या वर्गाचा मार्ग. शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या गृहनिर्माण संस्था झाल्या. नांदेडला सिडकोने नवी वसाहत वसविली. १९८२ साली लातूर स्वतंत्र जिल्हा झाला आणि जिल्ह्याच्या कचेऱ्यांबरोबर औसा रस्ता, बार्शी रस्ता आणि अंबाजोगाई रस्ता ह्यांच्या कडेची शेते भराभर प्लॉटांत तुटली. पुढे परीक्षेतील यशामुळे लातूरचे नाव राज्यभर झाले, बाहेरगावचे विद्यार्थी येऊ लागले, आणि वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांसाठी खोल्या काढून त्यांच्या भाड्यावर कर्जाचा हप्ता फेडण्याची एक नवी गृहव्यवस्था ह्या शहरात रूढ झाली. ह्या पद्धतीविषयी मला आदर आहे, कारण तिने मास्तर-कारकुनांना घरमालक केले. पण दोन खोल्यांच्या पायावर पुढे तीन मजले चढले, हेही तिचेच फळ.

ह्या तुकडेबाजीत कागदाची अडचण नव्याने उपस्थित झाली. शेतीचा अकृषिक परवाना न घेता गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट शंभर रुपयांच्या बॉन्डवर विकले गेले. घेणाऱ्याला वाटे घर आपले झाले, नगरपालिकेच्या दप्तरी मात्र तेथे शेतच असे. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला तो ह्याच कारणाने. त्याहून कठीण गोष्ट इनाम जमिनींची. देवस्थानाच्या, मशिदीच्या, दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश आणि निर्वाहासाठी दिलेल्या मदतमाश जमिनींवर परवानगीवाचून वसाहती उठल्या, आणि आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या घराच्या सातबाऱ्यावर वा मालमत्तापत्रकावर वर्ग दोनचा, म्हणजे परवानगीवाचून हस्तांतर न करता येणाऱ्या जमिनीचा, शेरा पाहून कित्येकांच्या पायांखालची वाळू सरकली. म्हणूनच मराठवाड्यात घर पाहणाऱ्याने चालू उताऱ्यावर समाधान मानू नये. १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत मागे जावे, असे येथील जुने दस्तलेखक सांगत आले आहेत, आणि त्यांचा हा सल्ला अक्षरशः मानण्याजोगा आहे.

आता त्या पहाटेकडे आले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३, वेळ तीन वाजून छप्पन्न मिनिटे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे नुकती निजली होती. किल्लारी परिसरात आदल्या वर्षी धक्के बसून गेले होते. काही दिवस लोक अंगणात झोपले, मग भीती विरली आणि सारे पुन्हा माळवदाखाली आले. त्या पहाटे ६.२ परिमाणाचा भूकंप झाला आणि औसा, निलंगा, उमरगा, लोहारा ह्या पट्ट्यातील किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव, पेठ सांगवी अशा गावांत काही सेकंदांत होत्याचे नव्हते झाले. शासकीय नोंदीप्रमाणे ७९२८ माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपशास्त्राच्या मापाने हा फार मोठा भूकंप नव्हता. तो उथळ होता आणि घरांनी माणसे मारली.

नेमके काय झाले, ह्याची तपासणी पुढे अभियंत्यांनी केली तेव्हा जे दिसले ते विचार करण्यासारखे आहे. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना कोठेच बांधलेले नव्हते. आरपार जाणारा एकही लांब दगड नसल्यामुळे धक्का बसताच मधली भर खाली दबली, दोन्ही थर दोन दिशांना फुगून कोसळले आणि त्यांच्यामागून मातीचा डोंगर खाली आला. जेथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता तेथे कित्येक ठिकाणी भिंती पडूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. जेथे तुळयांची टोके भिंतीत खोवली होती तेथे काहीच उरले नाही. आणि गावाच्या कडेला राहणाऱ्या गरिबांच्या कुडाच्या, गवताच्या, पत्र्याच्या झोपड्या बहुतांशी टिकल्या. ज्यांच्या भिंती जाड, ज्यांची छपरे भारी, ज्यांची घरे गावात मातबर गणली जात, त्यांच्याच घरात सर्वाधिक प्रेते निघाली. सांधा नसलेली भिंत आणि न उतरविलेली माती ही दोन कारणे होती. दगड आणि माती ह्यांचा स्वतःचा अपराध त्याहून पुष्कळ कमी होता. जाणता गवंडी आरपार दगड घालीत असे, खर्च वाचविणारा मालक तो घालू देत नसे, आणि भिंत बाहेरून गिलाव्याने झाकली की दोहोंतला फरक दिसत नसे.

जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी समूळ हलविण्यात आली. घरे कुटुंबाच्या जमिनीच्या प्रमाणात दिली गेली : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या धारकाला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, आणि त्यावरील खातेदारास ७५०. गुबाळ येथे घुमटाच्या आकाराची काँक्रीटची घरे झाली, अन्यत्र सरळ रेषेत आखलेल्या रुंद रस्त्यांच्या वसाहती. घरे मजबूत झाली ह्यात संशय नाही. पण ओसरी, ढाळज, परडे, बोळ आणि भावकीची एकमेकांना लागून असलेली घरे ह्यांचा जो एक सजीव पट होता तो चौकोनी प्लॉटांत कोठे बसणार? लोकांनी त्या घरांपुढे ओटे घातले, मागे गोठे उभे केले, कुंपणे वाढविली, आणि काही वर्षांतच नव्या गावाला थोडी जुन्या गावाची कळा आणली. वाड्यातल्या दोन खणांत दार फोडणाऱ्या धाकट्या भावाचीच ही रीत होती.

त्या पुनर्वसनाचा दुसरा भाग कमी बोलला जातो; मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. जी घरे पडली नव्हती, तडकली होती, अशा १३ जिल्ह्यांतील दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करण्यासाठी १७ हजार ते ३४ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळाले आणि काम मालकाने स्वतः करून घ्यावयाचे, असे ठरले. १३०० गावांत ह्या कामाची माहिती घरोघर पोहोचविण्यासाठी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेने महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या. चूल आणि सारवण ह्यांपलीकडे घराच्या कामात ज्यांचे मत विचारले जात नव्हते, त्या बायकांनी सिमेंटचे प्रमाण, सळईची जाडी आणि पाणी मारण्याचे दिवस समजून घेतले आणि गवंड्याला टोकले.

मजबुतीकरणाची कृती मी थोडी सविस्तर सांगतो, कारण ती स्वस्त होती आणि आजही उपयोगी आहे. प्रथम माळवदावरची जादा माती उतरवावयाची, आवश्यक तेवढाच पातळ थर ठेवावयाचा. मग भिंतीत ठरावीक अंतरावर एकेक दगड हलक्या हाताने, हातोड्याचे घाव न घालता, सैल करून काढावयाचा. आतली भर हाताने कोरून भिंतीच्या दुसऱ्या अंगापर्यंत भोक न्यावयाचे. त्यात दोन्ही टोकांना वळविलेली लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरावयाचे. हे घट्ट झाले की आतला थर आणि बाहेरचा थर कायमचे जखडले जातात. दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीत आणि छपराखाली भिंतीला चारी बाजूंनी जाळीचा व सिमेंटचा पट्टा बांधावयाचा, आणि खांब व तुळई ह्यांच्या कोनात तिरपे लाकूड किंवा लोखंडी पट्टी ठोकावयाची. रूरकीचे प्राध्यापक आनंद आर्य ह्यांच्यासारख्या अभियंत्यांनी अशा घरांसाठी घालून दिलेले हे मार्ग १९९३ सालीच भारतीय मानकांत आले होते. परंतु बहुसंख्य घरमालकांनी काय केले? जुन्या घराला हात न लावता, मिळालेल्या पैशात त्याच्या शेजारी विटा-सिमेंटची एक स्वतंत्र खोली उभी केली. रात्री तीत निजावयाचे आणि दिवसा जुन्या घरात राहावयाचे, असा प्रघात पडला. दगडाची धास्ती मनात इतकी बसली होती की त्याला बांधता येते, हे डोळ्यांनी पाहूनही विश्वास बसेना. ह्या भीतीला मी दोष देणार नाही. परंतु तिच्यामुळे मराठवाड्यातील हजारो धडधाकट वाडे पुढच्या वीस वर्षांत पाडले गेले, त्यांच्या सागवानी तुळया ट्रकांत भरून शहरांकडे गेल्या, आणि बांधणारे गवंडी-सुतार मागे कोणाला न शिकविता संपले.

देशाच्या भूकंप-नकाशात १९९३ पूर्वी हा प्रदेश सर्वांत निर्धोक अशा पहिल्या विभागात दाखविला होता. २००२ च्या सुधारित मानकाने लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात आला. नांदेड शहराला २००६ च्या अखेरीपासून सौम्य धक्के आणि जमिनीतून येणारे आवाज ह्यांचा अनुभव आहे. २०२४ साली मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीकडे ४.५ परिमाणाचे भूकंप झाले तेव्हा नांदेडची माणसे मध्यरात्री नव्हे तर भल्या सकाळी रस्त्यावर आली, एवढेच दैव.

आज घर घेणारे जोडपे बहुधा अशा एखाद्या इमारतीत घर घेते, जी १९८० ते २००० ह्या काळात उभी राहिली. पहिल्या मालकाने बांधली, दुसऱ्याने वाढविली. महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात २०२१ पासून एक टक्क्याची सवलत आहे, त्यामुळे आता खरेदीखतावर पत्नीचे नाव अधिक वेळा दिसते, ही आनंदाची गोष्ट. पण दुरुस्तीच्या पैशाचा ओघ कोठे जातो ते पाहिले की मन अस्वस्थ होते. शहाबादी आणि मोझॅक ह्यांवर, ती न काढता, चकचकीत फरशीचा दुसरा थर बसतो. गच्चीवर गळती थांबविण्यासाठी जुन्या कोब्यावर नवा कोबा आणि त्यावर आणखी विटांचा थर येतो. पाण्याची टाकी मोठी होते. लातूरकरांनी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेले पाहिले आहे, त्यामुळे टाकी मोठी हवी ही त्यांची इच्छा समजण्यासारखी आहे. पण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि तो भार कोणत्या कॉलमवर येतो, हा प्रश्न विचारला जात नाही. बापाच्या मातीवर मुलाची माती चढत गेली, तोच हा प्रकार. दिवाणखाना प्रशस्त व्हावा म्हणून स्वयंपाकघराची भिंत काढतात, आणि तीत गुंतलेला कॉलम अडचणीचा वाटला तर त्याचे कोपरे तासतात. मिस्त्री म्हणतो काही होत नाही. वाड्याच्या मालकालाही गवंडी हेच सांगत असे.

म्हणून ह्या दोन जिल्ह्यांत पहिले घर घेणाऱ्या तरुण गृहस्थांना आणि गृहिणींना माझी विनंती आहे. फरशी, रंग आणि फर्निचर ह्यांचा अंदाज काढण्यापूर्वी एक दिवस संरचना अभियंत्याला घर दाखवा. त्याची फी एका खोलीच्या फरशीपेक्षा कमी पडते. पाया काळ्या मातीत थांबला आहे की मुरमापर्यंत गेला आहे, ते शेजारच्या वृद्धाला विचारा, त्याने खोदकाम पाहिलेले असते. गच्चीवर नवा थर घालण्यापूर्वी जुना उतरवा, कॉलमला हात लावू नका. आणि गावाकडे तुमच्या वाट्याचे दोन खण अजून उभे असतील, तर ते विकण्याआधी त्या माळवदावर एकदा चढून माती किती आहे ती मोजा. ती उतरविण्याची मजुरी चार-पाच दिवसांची आहे.